वर्गणीदार की गिऱ्हाईक?

नवी वस्तू सर्वांच्या आधी विकत घेणारा मनुष्य हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण त्याच्यावर हमखास योजली जाते. वर्ष-दीड वर्षात त्याच वस्तूची अधिक चांगली आवृत्ती बाजारात आली आणि त्याचा चेहरा उतरला, की लोभाची योग्य ती शिक्षा झाली असे मानून भोवतालची मंडळी समाधान पावतात. मनगटावर बांधावयाच्या स्मार्ट घड्याळांच्या बाबतीत २०१२ पासून हा प्रसंग वारंवार घडत आला आहे. त्या उतरलेल्या चेहऱ्यामागील भावनेला नाव कोणते द्यावे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. मत्सर, हव्यास, पश्चात्ताप ही नावे तयारच असतात आणि ती चिकटवून प्रश्न मिटविला जातो. वस्तुतः ती नावे चुकीची आहेत. आणि नाव चुकल्यामुळे एका न्याय्य तक्रारीची दखलही घेतली जात नाही.

ह्या प्रश्नाचा विचार करताना रायपूरच्या तात्यापारा ह्या वस्तीचे उदाहरण सोयीचे आहे. वस्तीच्या नावातच दोन भाषा शेजारी बसल्या आहेत: ‘तात्या’ मराठी, आणि ‘पारा’ हा छत्तीसगढीत वस्ती ह्या अर्थाने रूढ असलेला शब्द, ब्राह्मणपारा, बूढापारा ही रायपूरमधील त्याच घडणीची नावे. अठराव्या शतकात छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली आणि १८५४ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्या काळात आणि नंतरही नोकरी, वकिली, शिक्षकी ह्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे रायपुरात स्थिरावत गेली. बृहन्महाराष्ट्रातील अशा जुन्या मध्यमवर्गीय घरांत वस्तू टाकून देण्याची रीत नसते. तेथील एखाद्या घरातील कपाटाचा खण डोळ्यांपुढे आणावा. आजोबांचे किल्लीचे एचएमटी जनता, वडिलांचे टायटन क्वार्ट्झ आणि नातवाने पहिल्याच वर्षी घेतलेले, आता पडून असलेले स्मार्ट घड्याळ अशी तीन घड्याळे त्यात एकत्र सापडणे अशक्य नाही. तिघांनीही आपापल्या काळी ती हौसेने घेतली आणि तिघांनाही पुढे ‘नवे’ पाहावे लागले. तिघांचा अनुभव मात्र एक नाही.

एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळे बनविण्यास आरंभ केला. टायटनची स्थापना १९८४ ची आणि तिची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली १९८७ च्या सुमारास. त्या वेळी एचएमटी वापरणाऱ्याला काही वाटलेच नसेल असे नाही. लग्नसमारंभात शेजारच्या मनगटावरील पातळ, सोनेरी घड्याळ पाहून आपले जाड घड्याळ बाहीखाली सरकविणारे लोक त्या काळी होतेच. पण ती चार लोकांत जुनाट दिसण्याची लाज होती. तिचे स्थान मनात होते, घड्याळात नव्हते. टायटन नावाचे काही जगात अवतरले आहे ह्याची त्या एचएमटीला वार्ताही नव्हती. रोज सकाळी किल्ली दिली की ते चालत होते, आणि बिघडले तर बाजारातला कोणताही घड्याळजी डोळ्याला भिंग लावून ते उघडू शकत होता. एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मान्यता दिली. त्यानंतरही जनता चालतेच आहे, आणि शौकिनांत तिला मागणीही आहे. कारखाना मेला तरी वस्तू मरत नाही, इतका त्या दोघांचा संबंध विक्रीच्या दिवशीच पूर्ण झालेला होता.

स्मार्ट घड्याळाची विक्री तशी पूर्ण होत नाही. ते चालते तीन दोऱ्यांवर: एक दोरा मालकाच्या फोनमध्ये बसविलेल्या आज्ञावलीचा, दुसरा फोनच्या स्वतःच्या प्रणालीचा आणि तिसरा दूर कोठे तरी असलेल्या कंपनीच्या संगणकांचा. पैसे देऊन घड्याळ घरी आणले तरी ह्या दोऱ्यांची टोके विकणाऱ्याच्या हातीच राहतात. नवे मॉडेल आले की विकणाऱ्याचे लक्ष नव्या दोऱ्यांकडे वळते आणि जुने दोरे प्रथम सैल पडतात, मग सुटतात. म्हणजे नव्याचे आगमन आता जुन्याच्या केवळ प्रतिष्ठेवर येत नाही, त्याच्या आयुष्यावर येते. खणातील तिसरे घड्याळ ह्या अर्थाने पहिल्या दोघांच्या जातीचे नाही.

आता भावनेच्या नावाकडे वळता येईल. मराठीत ह्या परिसरात बारीक भेद करणारे शब्द आहेत. दोन मिनिटांनी गाडी चुकली तर चुटपुट लागते. करावयाचे राहून गेले त्याची रुखरुख लागते. हळहळ बहुधा दुसऱ्याच्या हानीबद्दल व्यक्त होते. ‘आणखी चार महिने थांबायला हवे होते’ हे जे पहिल्या ग्राहकाला प्रथम वाटते ती शुद्ध चुटपुट होय. तिचा संबंध किमतीशी आणि मुहूर्ताशी असतो आणि ती टिकत नाही. नव्याचे नऊ दिवस असतात तसे चुटपुटीचेही असतात. थट्टा करणाऱ्यांना दिसते ती एवढीच. परंतु पुढे केव्हा तरी, नव्या फोनशी जुने घड्याळ जुळेनासे होते, त्याच्यासाठी सुधारणा येणे थांबते, तेव्हा जे वाटते त्याला चुटपुट म्हणता येत नाही आणि रुखरुखही म्हणता येत नाही, कारण त्याच्याकडून काही राहून गेलेले नसते. ‘फसगत’ म्हणावे तर कोणी एक निश्चित खोटे बोलल्याचे दाखविता येत नाही. मराठी बोलीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग म्हणजे ‘वाऱ्यावर सोडणे’. ज्याने सोबत येण्याचे आश्वासन दिले होते त्यानेच हात सोडला, असा त्याचा भाव आहे, आणि त्यात मत्सराचा लवलेशही नाही.

ह्या भावनेला आणखी एक अंग आहे. वस्तूला हात न लावता तिचे नाव बदलते. १९१४ चे महायुद्ध दुसरे महायुद्ध येईपर्यंत लोकांच्या लेखी नुसतेच महायुद्ध होते. ‘पहिले’ हे त्याला नंतर चिकटले. अॅपलचे घड्याळ २४ एप्रिल २०१५ रोजी प्रथम नऊ देशांत विक्रीस आले, भारतात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. त्याला क्रमांक नव्हता. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने ‘सिरीज वन’ आणि ‘सिरीज टू’ अशी दोन घड्याळे एकदम आणली, आणि मूळ घड्याळाला मोजणीत स्थानच उरले नाही. तेव्हा लोकांनी त्याला ‘सिरीज झीरो’ म्हणण्यास सुरुवात केली. ज्यांनी सर्वांआधी घेतले त्यांच्या वाट्याला शून्य आले. २०१८ साली घड्याळाच्या प्रणालीची पाचवी आवृत्ती निघाली ती ह्या शून्यावर चालत नव्हती. त्यांपैकी काही घड्याळे अठरा कॅरट सोन्याची होती आणि त्यांची किंमत दहा हजार डॉलरांपासून पुढे होती. सोने शाबूत राहिले. घड्याळ तीन वर्षांत मागे पडले. दागिना आणि यंत्र ह्यांतला फरक इतक्या महागड्या रीतीने क्वचितच कोणी शिकविला असेल.

बृहन्महाराष्ट्रातील घरांना हे मागून मिळणारे ‘जुने’ नाव अपरिचित नाही, हे जाता जाता नोंदविण्यासारखे आहे. तेथील मराठी पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ‘जुन्या वळणाची’ वाटते. बोलणाऱ्याने काही बदललेले नसते. बदल दुसरीकडे झालेला असतो आणि जुनेपण इकडे नोंदले जाते. फरक एवढाच की भाषेचे दोरे बोलणाऱ्यांच्याच हाती असतात. कोणी तिकडून तोडले म्हणून ती इकडे बंद पडत नाही.

पहिल्या ग्राहकाची तक्रार न्याय्य का, हे कळण्यासाठी आपल्याच ग्रंथव्यवहारातील एका जुन्या नात्याची आठवण करणे उपयुक्त ठरेल. मराठीत वर्गणीदार आणि गिऱ्हाईक हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच असावयास हवेत. गिऱ्हाईक तयार झालेली वस्तू घेते. वर्गणीदार वस्तू तयार व्हावी म्हणून, ती नसतानाच, पैसे देतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी नागपुरात आरंभलेला महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० च्या दशकात तेवीस खंडांत पुरा झाला, तो भागधारक आणि वर्गणीदार मिळविण्याच्या अथक खटपटीवर. ‘माझे बारा वर्षांचे काम’ ह्या १९२७ च्या पुस्तकात केतकरांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहिला आहे. विद्वत्तेइतकाच व्यवहार त्या कामाला लागला होता. रायपूरशी ज्यांचे आयुष्य निगडित होते आणि १९२६ साली जे तेथेच निवर्तले ते मराठीभाषी हिंदी लेखक माधवराव सप्रे ह्यांनी जानेवारी १९०० पासून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक पेंड्र्याहून चालविले. तीन वर्षांनी ते आर्थिक तोट्यामुळे बंद पडले. ज्यांनी वर्षाची वर्गणी भरली त्यांची निराशा झालीच असेल, परंतु हाती आलेले अंक त्यांच्याकडून कोणी परत घेतले नाहीत, किंवा त्यांतील अक्षरे पुसली गेली नाहीत.

सुधारलेल्या आवृत्तीनेही पुस्तकाच्या पहिल्या ग्राहकाचे काही बिघडत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला तेव्हा त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांच्या घरात गेले. पहिली आवृत्ती घेतलेल्याला वीस हजार शब्दांची चुटपुट लागली असेल. पण त्याच्या प्रतीतील चाळीस हजारांपैकी एकही शब्द त्या दिवशी उडून गेला नाही, आणि कालांतराने त्याची प्रत दुर्मिळ म्हणून अधिक मोलाची झाली. ग्रंथाच्या जगात पहिली आवृत्ती वयाबरोबर वर चढते. ह्या घड्याळांच्या जगात ती वयाबरोबर खाली जाते आणि अखेर निकामी होते. साहित्याच्या अभ्यासकांना ‘पहिली आवृत्ती’ ह्या शब्दांना चिकटलेला आदर इतका स्वाभाविक वाटतो की ह्याच शब्दांचा उलटा अर्थ चालणारे दुसरे जग शेजारी उभे आहे, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

ह्या दुसऱ्या जगात वर्गणीदाराचे नाते पुन्हा अवतरले ते पेबल ह्या घड्याळाच्या निमित्ताने, आणि म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. एप्रिल २०१२ मध्ये एरिक मिगिकोव्स्की ह्या तरुण अभियंत्याने किकस्टार्टर ह्या सार्वजनिक वर्गणीच्या माध्यमातून एक लाख डॉलर मागितले. ६८,९२९ लोकांनी मिळून एक कोटी दोन लाखांहून अधिक डॉलर दिले. घड्याळ तेव्हा अस्तित्वात नव्हते. सप्टेंबर २०१२ चा वायदा होता, प्रत्यक्षात घड्याळे जानेवारी २०१३ पासून जाऊ लागली. वर्गणीदार थांबले. बरोबर एका वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, धातूच्या देखण्या अंगाचे पेबल स्टील जाहीर झाले. प्लॅस्टिकचे घड्याळ मनगटावर मिरविणाऱ्यांना चुटपुट लागली, पण आतली आज्ञावली दोहोंत एकच होती. दोरा तुटला नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये रंगीत पडद्याच्या पेबल टाइमसाठी पुन्हा वर्गणी सुरू झाली. ती चालू असतानाच, आठवड्याभरात, त्याचेही पोलादी रूप जाहीर करण्यात आले. पहिल्याच दिवशी पैसे दिलेल्यांची ही अडचण ओळखून कंपनीने त्यांना रांगेतील जागा न गमावता फरकाची रक्कम भरून नवे रूप घेण्याची मुभा दिली. वर्गणीदाराचा मान राखण्याचे हे साधे उदाहरण आहे, आणि ते दुर्मिळ आहे.

पुढचे मात्र वेगळे झाले. २०१६ मध्ये तिसऱ्यांदा वर्गणी गोळा झाली. त्याच डिसेंबरात कंपनी बंद झाल्याचे जाहीर होऊन तिचे महत्त्वाचे भाग फिटबिटने विकत घेतले, पेबल टाइम टू हे घड्याळ रद्द झाले आणि त्याचे पैसे परत करण्यात आले. ३० जून २०१८ रोजी कंपनीचे जुने संगणक थांबले. ह्या वेळी नव्या मॉडेलने जुन्याला मागे टाकले असेही म्हणता येत नव्हते, कारण नवे आलेच नव्हते. तरीही मनगटावरची चालती घड्याळे एका तारखेला अर्धी मुकी झाली.

ह्याविरुद्ध एक आक्षेप सहज घेतला जाईल. पैसे देणाऱ्याला धोका माहीत होता. शिवाय दहा-वीस हजारांचे घड्याळ घेणाऱ्याच्या दुःखाला ज्या देशात पोटाचे प्रश्न सुटलेले नाहीत तेथे किती किंमत द्यावयाची? आक्षेपाचा दुसरा भाग वजनदार आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागेल. पहिला भाग मात्र तपासून पाहिला पाहिजे. नव्या वस्तूचा धोका पत्करणे म्हणजे ती कदाचित बरी निघणार नाही हे पत्करणे. ती बरी निघाल्यावर, विकणाऱ्याच्या सोयीने, तिचा आधार काढून घेतला जाईल हे पत्करणे नव्हे. दोन्ही धोके एकाच शब्दाखाली ढकलले की विकणाऱ्याची सुटका होते. विकणाऱ्यांनी स्वतः हा भेद कधी कधी मान्य केला आहे. २९ जून २००७ ला विक्रीस आलेल्या पहिल्या आयफोनची किंमत ५९९ डॉलरांवरून ३९९ वर आणण्यात आली ती सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. ओरड झाल्यावर स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी पहिल्या ग्राहकांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि शंभर डॉलरांची जमा दिली. तसेच सॅमसंगने सप्टेंबर २०१३ मध्ये गॅलेक्सी गिअर आणले आणि अवघ्या पाच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, निराळ्या प्रणालीवर चालणारे दुसरे जाहीर केले. पण काही महिन्यांत तीच प्रणाली पहिल्या घड्याळालाही उपलब्ध करून दिली. ऋण नसते तर ते फेडण्याचे कारण नव्हते.

भारतात ह्या भावनेचे एक विचित्र रूपही दिसते, ते म्हणजे तिचा अभाव. २०२० नंतर दीड-दोन हजार रुपयांची स्मार्ट घड्याळे देशात इतक्या प्रचंड संख्येने विकली गेली की संख्येच्या दृष्टीने भारत जगातील सर्वांत मोठ्या बाजारांत गणला जाऊ लागला. नवी मॉडेले इतक्या भराभर येत गेली की पहिले कोणते आणि दुसरे कोणते हे सांगता येऊ नये. जेथे आवृत्तीच नाही तेथे आवृत्तीचे दुःखही नाही. वर्षभरात पट्टा तुटला की घड्याळही जाते. ह्याला कोणी निर्ममता म्हणेल. ती निर्ममता नसून आश्वासनच न मागण्याची सवय आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ती मत्सराहून वाईट आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना ह्या सर्व प्रकरणाशी काय कर्तव्य, असे विचारले जाणे शक्य आहे. कर्तव्य आहे, आणि ते लिपीपुरते तर अगदी रोकडे आहे. पहिल्या पिढीतील अनेक स्मार्ट घड्याळांवर देवनागरी नव्हती. आईने मराठीत पाठविलेला निरोप मनगटावर रिकाम्या चौकोनांची ओळ होऊन येई. काही घड्याळांवर अक्षरे उमटत, पण ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या भलत्या बाजूला आणि जोडाक्षरे हलन्त तुकड्यांत फुटलेली. रोमन लिपीची अक्षरे ओळीने मांडली की भागते; देवनागरीत मात्र स्वरचिन्हांची जागा आणि व्यंजनांचा संयोग ठरविणारी वेगळी व्यवस्था यंत्रात असावी लागते, आणि ती लहान यंत्रात सर्वांत शेवटी येते. परिणामी मराठी भाषक ग्राहक दुहेरी पहिला ठरतो. यंत्र अपुरे असताना तो ते घेतो, आणि त्याची भाषा त्यात येण्याआधीच ते जुने ठरते. नव्या मॉडेलला देवनागरी येते. जुन्याला ती शिकविण्याचे कष्ट कोणी घेत नाही. रायपूरच्या घरात ही गोष्ट अधिक बोचणारी आहे, कारण तेथे मराठी ही कचेरीची वा बाजाराची भाषा नाही. ती बहुतांशी घरच्या माणसांच्या निरोपांचीच भाषा आहे. जो मजकूर मनगटावर वाचता येत नव्हता तो नेमका तोच होता. इंग्रजी जाहिरात मात्र स्पष्ट वाचता येत होती.

तेव्हा मागणी मोठी नाही. औषधाच्या बाटलीवर जशी मुदतीची तारीख असते तशी घड्याळाच्या खोक्यावर असावी: अमुक तारखेपर्यंत सुधारणा मिळत राहतील, आणि त्यानंतरही कंपनीच्या संगणकाविना ते इतकी कामे करील. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेट ह्यांच्या बाबतीत, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा देण्याचे बंधन घातले आहे. मनगटावरची घड्याळे त्या नियमातून वगळली आहेत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या विषयावर समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने होती. तारखेची मागणी तेथेही करता येण्यासारखी आहे, आणि तीत खोक्यावरील भाषांच्या यादीचाही समावेश असावा.

पेबलचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. जुने संगणक थांबले त्याच सुमारास काही जुन्या मालकांनी आणि हौशी प्रोग्रामरांनी एकत्र येऊन ‘रेबल’ ह्या नावाने पर्यायी व्यवस्था उभी केली. हवामान आणि तोंडी मजकूर लिहून घेण्याची सोय ह्यांसाठी तिने मालकांकडून ऐच्छिक वर्गणी घेण्यास सुरुवात केली, आणि २०१३ ची घड्याळे पुन्हा बोलू लागली. फिटबिट पुढे गूगलकडे गेली होती; जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीची बहुतेक मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली, आणि त्याच वर्षी मिगिकोव्स्की ह्यांच्या नव्या कंपनीने तिच्यावर चालणारी घड्याळे पुन्हा विकावयास आरंभ केला. त्या संहितेत देवनागरीची जोडाक्षरे बसविण्यासाठी आता कोणाची परवानगी लागत नाही.